उड्या मोजणाऱ्या साहेबाची दुरुस्ती

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात जुन्या वह्यांना ऊन दाखवत होतो. पावसाळ्यात कपाटाला ओल धरली होती आणि चौतीस वर्षांच्या नोंदींना बुरशी लागत होती. "सर, तुम्ही जन्मभर निसर्गाचं संवर्धन केलंत," संपादक म्हणाले, "त्यावर आमच्या अंकासाठी एक खुसखुशीत लेख द्या." मी हो म्हणून फोन ठेवला. माझी बायको सुमन शेजारीच लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काय काय टिकवलं म्हणून लिहिणार?"

मी एक वही उलटून उन्हात ठेवली.

"नोकरी टिकवली," ती म्हणाली. "ते लिहा."

माझं घराणं कारकुनांचं. आजोबा तहसिलीत होते, वडील यवतमाळच्या कोर्टात. आमच्याकडे कागदाला पाय लागला तर नमस्कार करायची पद्धत होती. शाईनं लिहिलं म्हणजे ते घडलंच, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत. त्यामुळे मी पक्ष्यांचा अभ्यास करणार म्हटल्यावर वडिलांना धक्का बसला, पण त्यातही रिपोर्ट लिहावे लागतात हे कळल्यावर ते शांत झाले. आई मात्र शेवटपर्यंत शेजारणींना सांगत असे, की थोरला सरकारी खात्यात आहे आणि धाकटा पाखरं मोजतो.

आईचं वर्णन चुकीचं नव्हतं. आमचा धंदा बाहेरच्यांना फार गूढ वाटतो, म्हणून सांगून टाकतो. एखादा प्राणी किंवा पक्षी कमी होत चालला अशी ओरड होते. आम्ही तिथं जातो, तो मोजतो. मग तो का कमी झाला याचं कारण शोधतो. कारण शोधताना एक पथ्य पाळावं लागतं. ते कारखान्यात, धरणात किंवा मंत्र्याच्या फार्महाऊसमध्ये सापडलं तर अहवाल छापून यायला फार वेळ लागतो. ते गुराख्यात सापडलं तर लगेच छापून येतो, कारण गुराखी शोधपत्रिकेच्या संपादकाला पत्र लिहीत नाही.

मी जन्मात पुष्कळ लिहिलं. त्यातला एकच शोधनिबंध लोकांनी खऱ्या अर्थानं वाचला आणि त्यावर कारवाईही झाली. तो चुकीचा होता. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

दारव्ह्याच्या चौकातून शेअर जीप पकडायची, पोत्यांवर बसून अर्धा तास जायचं, मग उतरून चढ चालायचा. वर एक तांडा आहे. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर हिंडत. रेल्वेनं ते काम काढून घेतलं, तेव्हा ही मंडळी माळांच्या कडेला स्थिरावली, पऱ्हाटी लावू लागली. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, आमच्याकडे तोच शब्द चालतो. तांड्याच्या वरच्या अंगाला एक लांबरुंद गवताळ माळ आहे. सरकारी दप्तरात त्याला ई-क्लास म्हणतात, म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली जमीन. त्या माळावर पावसाळ्यात तणमोर यायचा.

तणमोर कोंबडीएवढा पक्षी. एरवी गवतात असा दबून असतो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. पण पावसाळ्यात नराच्या अंगात येतं. काळा पोशाख, डोक्याला मागे वळलेले तुरे, आणि गवतातून सरळ वर उडी. पुरुषभर उंच जातो, पंख फडफडवतो, खाली पडतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दिवसभर. गवतात लपलेल्या मादीनं आपल्याकडे बघावं एवढाच हेतू. आमचं काम असं, की उजाडायच्या आत एका झाडाखाली वही घेऊन बसायचं आणि कोणता नर किती उड्या मारतो ते लिहायचं.

तिसऱ्या दिवशी एक उंच, काटक गृहस्थ काठी टेकत आले. हे तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. नाव हिरामण. माझ्या शेजारी बसले, वहीत डोकावले.

"काय पाहून राह्यले साहेब?"

"पक्षी."

"दिसला?"

"दिसला. आता त्याच्या उड्या मोजतोय."

नायकांनी डोळ्यांवर हात धरून माळाकडे नजर लावली. त्यांनी स्वतःही दोनचार उड्या पाहिल्या. मग म्हणाले, "थो कायले उडते थे आमाले मालूम हाय. बायकोले दाखवाले उडते. तुमी कोनाले दाखवाले मोजून राह्यले?"

"सरकारला."

"मंग बरोबर हाय," नायक म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले. संध्याकाळपर्यंत तांडाभर माझं नाव 'उड्या मोजनारा साहेब' पडलं. ते अजून टिकून आहे. माझ्या पदव्यांपैकी तेवढी एकच लोकांनी दिलेली.

नर मोजून झाले. आता त्यांच्या घराची पाहणी करायची होती. आमच्या भाषेत घराला अधिवास म्हणतात. त्यासाठी आमच्या संशोधन संस्थेच्या संचालकांनी एक चार पानी पत्रक तयार केलं होतं. संचालक मोठे विद्वान, पण त्यांना धुळीची ॲलर्जी होती, म्हणून पत्रक कार्यालयातच तयार झालं. त्यात माती कशी, उतार किती, झुडपं कोणती असे रकाने. एक रकाना चराईचा. 'चराईचा दाब: कमी, मध्यम, जास्त.' एकावर बरोबरची खूण करायची.

पाहणीचा निधी मार्चअखेर यायचा, त्यामुळे तो खर्च करायला आम्ही एप्रिल-मे महिन्यांत निघायचो. म्हणजे पावसाळी पाहुण्याच्या घराची तपासणी भर उन्हाळ्यात. लग्नाची वऱ्हाडी मंडळी निघून गेल्यावर मांडवात जावं आणि इथं जेवणाची सोय नव्हती असं लिहावं, त्यातला प्रकार. पण देशभर सगळे असंच करत होते, आणि सगळे करतात त्याला आमच्याकडे पद्धती म्हणतात.

मे महिन्यातला तो दिवस मला चांगला आठवतो. माळ पार बोडका होता. तांड्याची गुरं जमिनीला तोंड लावून काड्या वेचत होती. नायकांच्या अंगणात कडुलिंबाच्या सावलीत मी पत्रक उघडलं. नायकांच्या बायकोनं, झमकू याडीनं, घट्ट दुधाचा चहा आणून दिला. याडी म्हणजे आई. तांड्यात मोठ्या बाईला तशीच हाक मारतात.

"नायक, माळावर गुरांची चराई कशी आहे? कमी, मध्यम, की जास्त?"

नायकांनी माळाकडे पाहिलं. "आता तं जास्तच हाय," ते म्हणाले. "मे महिना हाय. आता ढोरं अजून कुठं जाईन?"

मी 'जास्त'वर खूण केली.

आतून झमकू याडी म्हणाली, "दसऱ्याले या म्हना त्याइले. तवा दिसते माळ."

मी हसून मान डोलावली. ऑक्टोबरात मला परिषदा असायच्या. शिवाय माझी खूण झाली होती. खूण झाल्यावर आणखी माहिती आली तर ती लिहायला पत्रकात जागाच नव्हती.

शोधनिबंध इंग्रजीत लिहिला. त्यातल्या मुख्य वाक्याचा मराठी अर्थ असा: 'स्थानिक पशुधनाची तीव्र आणि सततची चराई हा या अधिवासाला असलेला सर्वांत मोठा धोका आहे.' यातलं 'तीव्र' माझं. 'सततची' सहलेखकांनी घातलं. ते माळावर कधी आले नव्हते. वाक्य जरा तोकडं वाटतंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. निबंधाच्या शेवटी शिफारस होती, माळाला कुंपण घालावं.

निबंध एका मोठ्या पत्रिकेत छापून आला आणि मी मोठा झालो. त्यात काळ अनुकूल होता. ती कापसाची वाईट वर्षं. आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं होतं, आणि ते काही अभिमानानं घ्यावं असं नव्हतं. दिल्लीत कुठल्याही परिषदेत जेवताना मी यवतमाळचा म्हटलं, की समोरचा माणूस चमचा खाली ठेवायचा, चेहरा पाडायचा आणि मला पनीर वाढायचा. मी गवतातल्या पक्ष्यावर बोलायचो, लोक ऐकताना कापसावर हळहळायचे, आणि टाळ्या दोन्हींच्या मिळून पडायच्या. मी त्या घेतल्या. नको म्हणायला मी काही संत नव्हतो.

इकडे तांड्यावर त्या वर्षांत पांढऱ्या गाड्यांची रीघ लागली होती. आज अभ्यास समिती, उद्या चौकशी समिती, परवा कॅमेरावाले. एकदा मी तिथं असतानाच एका वाहिनीची माणसं आली. त्यांनी नायकांना लिंबाखाली बसवलं आणि डोक्याला हात लावायला सांगितलं.

"कायले?" नायक म्हणाले. "माहं डोकं नाई दुखून राह्यलं."

त्यांनी समजावलं, की पीक गेलं आहे तर दुःख दिसलं पाहिजे. नायकांनी सरळ कॅमेऱ्यात पाहून सांगितलं, "पऱ्हाटी लाल पडली, बोंडं अळीनं खाल्ली, हे खरं हाय. पन आमची ढोरं हायेत. ढोरं हायेत तवर तांडा उभा हाय." ते वाक्य बातमीत आलं नाही. मी घरी टीव्ही बघून पत्रकारांना खूप नावं ठेवली. माणसाचं बोलणं असं कापतात का, असं सुमनला तावातावानं सांगितलं. माझ्या पत्रकाची आठवण तेव्हा मला बिलकूल झाली नाही.

वर्षभरानं माळाला कुंपण पडलं. वनाधिकारी तरुण आणि मनापासून काम करणारे होते. माझा निबंध त्यांनी पिवळ्या रेघा ओढून वाचला होता. "सर, सगळं तुमच्या शिफारशीप्रमाणे चाललंय," त्यांनी मला अभिमानानं दाखवलं. काटेरी तार, फाटक, पहारेकरी, आणि 'चराईस सक्त मनाई' असा फलक. फलकावर तणमोराचं चित्र काढायचं काम दारव्ह्याच्या एका पेंटरला दिलं होतं. त्यानं तणमोर पाहिलेला नव्हता, नाव ऐकून त्यानं पिसारा फुलवलेला मोर काढला. तो फार सुरेख आला होता, म्हणून कुणी पुसला नाही.

त्यानंतर आठवड्याभरात हिरामण नायक यवतमाळला माझ्या कार्यालयात आले. बरोबर तांड्यातली दोन म्हातारी माणसं. तिघांनी धुतलेले कपडे घातले होते. ते खुर्च्यांच्या कडेवर बसले.

"साहेब, तुमच्या कागदानं माळ बंद केला."

"मी नाही हो नायक. सरकारनं केला."

"सरकारले इचारलं तं थे तुमचाच कागद दाखवते. वर तुमचं नाव हाय."

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, जे मी तीन वर्षांत विचारलं नव्हतं. पहिला पाऊस पडला की दसऱ्यापर्यंत तांडा त्या माळावर एक खूर जाऊ देत नाही. कुणी चोरून ढोरं घातली तर त्याला नसाबापुढे उभं करतात. नसाब म्हणजे तांड्याची स्वतःची पंचायत. दसऱ्याला नायक पूजा करतो आणि माळ मोकळा होतो. मग हिवाळाभर, उन्हाळाभर गुरं तो खाऊन साफ करतात.

"सारं साफ झालं तं पुढल्या पान्यात नवं गवत येते," नायक म्हणाले. "गुडघाभर. थ्यात तुमचा उडीवाला उडते. मागल्या सालचं जुनं गवत तसंच उभं राह्यलं तं थो कुठं उडीन? न उडला तं कोनाले दिसीन?"

आता मी काय केलं ते ऐका. मी हे सगळं वहीत टिपून घेतलं. तारीख घातली. वर मथळा दिला: 'पारंपरिक समजुती'. त्याला अधोरेखित केलं.

"तुमी लिवलं, तुमीच खोडा," नायक म्हणाले.

"नायक, छापलेलं असं खोडता येत नाही."

हे खोटं होतं. आमच्या धंद्यात चूक दुरुस्त करायची रीतसर सोय असते, दोन ओळींचं पत्र पाठवावं लागतं. पण माझ्या बढतीची फाईल त्याच महिन्यात संचालकांच्या टेबलावर होती, आणि प्रकल्पाचा दुसरा टप्पा त्या निबंधाच्या जोरावर मंजूर व्हायचा होता. मी तिघांना चहा मागवला. नायकांनी कपाला हात लावला नाही. त्यांच्या घरी मी किती वेळा प्यालो होतो, त्याचा हिशेब त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

त्या हिवाळ्यात मी दारव्ह्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता, जीप गर्दीत अडकली. बाहेर पाहिलं तर तांड्याच्या गाई ओळीनं बांधलेल्या. नायकांच्या अंगणातली कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाय मी ओळखली. तिचा दोर झमकू याडीनं धरला होता. एक व्यापारी गाईचे दात बघत होता आणि याडी दुसरीकडे बघत होती. ती इकडे वळते आहे असं दिसताच मी खाली वाकलो आणि पायाशी नसलेली पिशवी शोधू लागलो. जीप सुटेपर्यंत शोधत राहिलो. मला लाज वाटली. आजही वाटते, आणि ती खुसखुशीत नाही.

पहिल्या पावसाळ्यात कुंपणाच्या आत असं गवत माजलं की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. मी फोटो काढले, दुसरा निबंध लिहिला. नर थोडे कमी भरले होते, मी 'संख्या स्थिर' असं लिहिलं. दुसऱ्या पावसाळ्यात जुन्या वाळक्या गवतातून नवं गवत वर आलं आणि छातीला लागलं. एकच नर दिसला. तो पहारेकऱ्याच्या रोजच्या पायवाटेवरून उड्या मारत होता, कारण तेवढीच जागा मोकळी होती. तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर खात्याला वाटलं, एवढी जमीन नुसतीच पडून आहे. त्यांनी चर खोदले आणि झाडं लावायचा समारंभ केला. गवताळ माळावर झाडं लावणं म्हणजे माळ मारणं, हे मी स्वतः तीन परिषदांत सांगितलं होतं. समारंभाचा प्रमुख पाहुणा मीच होतो. चिंचेचं रोप माझ्या हस्ते लागलं, वर झारीनं पाणीही घातलं.

त्या पावसाळ्यात मी नेहमीच्या झाडाखाली अकरा दिवस बसलो. वहीची पानं कोरी राहिली. शेवटच्या दिवशी झमकू याडी कुंपणाबाहेरून चारा कापायला आली. तिच्याकडे आता एक म्हैस आणि बैलजोडी उरली होती. तारेपलीकडून ती माझ्याकडे पाहत राहिली.

"मोजा न साहेब," ती म्हणाली. "काहून थांबले?"

मी वही मिटली. कार्यालयात येऊन अहवालात 'शून्य' असं लिहिलं. संचालकांनी मला आत बोलावलं. वार्षिक अहवालात कुंपणाची यशोगाथा छापायला गेली आहे, शून्याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मग आम्ही दोघांनी मिळून शून्याच्या जागी 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असं लिहिलं. आमच्या अहवालांत हे वाक्य दिसलं, की पक्षी मेला असं समजावं.

पुढे बढती झाली, निवृत्ती झाली. मित्रांनी माझ्या लेखांचं पुस्तक काढलं, प्रकाशनाला शाल मिळाली. पुस्तकातलं एक प्रकरण त्या माळावर आहे. 'एका माळरानाला जीवदान' असं त्याचं नाव. ते पुस्तकाच्या संपादकांनी दिलं असं सांगून हात झटकता आले असते, पण मीच दिलं होतं.

गेल्या पावसाळ्यात दारात एक तरुण बाई आली. हातात फाईल. "मी सविता. हिरामण नायकाची नात. शाळेत शिकवते." मी तिला आत बसवलं. तिनं फाईल उघडून दाखवली. माळ चराईसाठी परत मिळावा म्हणून तांड्यानं वेळोवेळी केलेले अर्ज होते. प्रत्येक अर्ज फेटाळलेला, आणि प्रत्येक उत्तराला एकच कागद जोडलेला. त्यावर माझं नाव.

"माळावर आता एक पक्षी येत नाही सर," ती म्हणाली. "तरी त्या पक्ष्यासाठी माळ बंद आहे. तुमचं वाक्य दाखवतात. ते चूक आहे असं तुम्ही लिहून देता का, एवढंच विचारायला आली."

ती गेल्यावर सुमन म्हणाली, "पोरगी हळू बोलली म्हणून वाचलात."

मी आधी शहाण्यासारखं रीतसर गेलो. पत्रिकेला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. नव्या संपादकांचं सभ्य उत्तर आलं: दसऱ्यापर्यंत चराई बंद असते, याचे मोजमापाचे पुरावे जोडावेत. माझ्याकडे पुरावा होता तो वहीतल्या एका पानाचा, आणि त्याच्यावर मथळा होता 'पारंपरिक समजुती'. संपादकांनी कळवलं, की गावच्या माणसाचं सांगणं हा शास्त्रीय पुरावा धरता येत नाही. मूळ निबंधातली 'जास्त' ही खूण कुणाच्या सांगण्यावरून केली होती, ते त्यांनी विचारलं नाही.

मग मी तांड्यावर गेलो. तेच लिंबाचं झाड, सकाळची वेळ. सतरंज्या घातल्या होत्या, कारण सविताबाईंनी माझं येणं कळवलं होतं आणि नायकांनी नसाब बोलावला होता. नायक आता फार थकले आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे, आवाजावरून माणूस ओळखतात. मी राम राम केला. त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"कागद आनला?"

"आणला."

"वाचा. मराठीत सांगत जा. आमी आजवर थो ऐकलाच नाई."

खरंच होतं. वीस वर्षं ज्या कागदानं त्यांचा माळ बंद ठेवला, तो त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. मी उभा राहून वाचू लागलो. उड्यांच्या आकड्यांना लोक मनमोकळं हसले. एका नराचं वर्णन ऐकून एक म्हातारा म्हणाला, थो नाल्याकडचा, मी पाह्यलाय त्याले. मलाही जरा बरं वाटू लागलं. मग ते वाक्य आलं. 'स्थानिक पशुधनाची तीव्र आणि सततची चराई...'

"थांबा," नायक म्हणाले. "मी काय सांगतलं होतं तुमाले?"

"जास्त आहे, असं."

"पुरं सांगा."

मी कागद खाली केला. अंगणात सगळे माझ्याकडे बघत होते. मला ते वाक्य पाठ होतं. मे महिन्याच्या उन्हासकट पाठ होतं.

"'आता तं जास्तच हाय.'"

"मंग 'आता' कुठं गेला?"

"पत्रकात जागा नव्हती."

"न हे 'सततची' कोन म्हनलं? मी म्हनलं?"

"नाही. माझ्या सहलेखकांनी घातलं."

"थे कोन? कवा आलते इथं?"

"कधीच नाही."

झमकू याडी बायकांत बसली होती. ती गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, काहीतरी म्हणाली आणि सगळा तांडा हसला. मला अर्थ विचारायचा धीर झाला नाही. सविताबाईंनी तोंडाला पदर लावला, त्यावरून तो सौम्य नसावा.

नसाबात चूक सिद्ध झाली की दंड होतो. मी खिशातल्या नोटा चाचपत तयारीनं उभा होतो. नायकांना तो आवाज कळला की काय कोण जाणे, त्यांनी मान हलवली.

"दंड नको. दंड देऊन मानूस मोकळा होते. तुमी लिवा. तुमच्या इंग्रजीवाल्याइले लिवाचं थे लिवा, पन एक मराठीत लिवा, सविता वाचून दाखवीन असं. न खाली तुमचं नाव टाका. त्या कागदावर टाकलं तसं."

निघताना याडीनं चहा दिला. दूध कमी होतं. मी तो सगळा प्यालो. फाटकाशी येऊन ती म्हणाली, "दसऱ्याले या साहेब," आणि आत गेली. पहिल्यांदा तिनं ते म्हटलं होतं तेव्हा तिचे सगळे केस काळे होते.

तेव्हा संपादकमहाशय, तुमचा लेख हा असा झाला आहे. मी खाली जाहीर लिहून देतो, आणि ज्या कुणा अधिकाऱ्याच्या फाईलला माझा निबंध जोडलेला असेल, त्यांनी मेहेरबानी करून हे पानही फाडून त्याला जोडावं. दारव्ह्याजवळच्या त्या माळावर तांड्याची चराई सततची नव्हती. ती दसऱ्यानंतर सुरू व्हायची आणि पहिल्या पावसाला थांबायची. तांडा हा नियम स्वतः पाळत होता, म्हणूनच तिथं तणमोर येत होता. मी तो नियम विचारला नाही. मला सांगितला तेव्हा टिपून घेतला आणि दाबून ठेवला. कुंपणाची शिफारस चूक होती. ते काढावं, आणि माळ तांड्याला परत द्यावा. पक्षी पुन्हा येईल की नाही, ते मला माहीत नाही, आणि याला अधिक अभ्यासाची गरज नाही.

अंक निघेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल. मी दसऱ्याला तांड्यावर असेन, तार असो वा नसो.

एक विनंती. जागा कमी पडली, तर माझ्या आजोबांचं, दिल्लीच्या पनीरचं, पेंटरच्या मोराचं, काय वाटेल ते कापा. माझी शाल कापली तरी चालेल. हिरामण नायकांच्या वाक्यातला 'आता' मात्र तुमच्या छापखान्यात गळू देऊ नका. तो मी एकदा गाळलेला आहे.